एका वेळी एकच उपाय

सहामाही परीक्षांच्या सुमारास आईची टाच दुखू लागली आणि शाळेचे स्नेहसंमेलन उरकेपर्यंत तिने ते घरात कोणालाही सांगितले नाही. मला कळले ते तिच्या चालण्यावरून. सकाळी पलंगावरून उतरली की पहिली काही पावले ती भिंतीला हात लावून, चवड्यांवर टाकायची. स्वयंपाकघर आले की हात काढून घ्यायची आणि नेहमीसारखी वावरू लागायची. विश्रांतीनंतरची पहिली पावले सर्वांत जास्त दुखतात आणि चालल्याने थोडा उतार पडतो, हे लक्षण मी वाचलेले होते. तळपायाच्या कमानीला तोलून धरणारा एक जाड पडदा टाचेच्या हाडाला जोडलेला असतो. वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभे राहणाऱ्या माणसाच्या पायात नेमका त्याच जोडावर ताण साचत जातो.

मी कोलशेतच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. गोळीत जे असायला हवे ते आहे का आणि जे नसावे ते नाही ना, हे तपासणे हा माझा दिवसभराचा उद्योग. त्या विभागाची प्रमुख होणे ही माझी महत्त्वाकांक्षा, आणि ती मी कोणापासून लपवलेली नाही. त्यामुळे आईच्या टाचेचा प्रश्न मी हाती घेतला, तो कोणी न सांगता.

आईच्या दृष्टीने प्रश्न टाचेचा नव्हताच. तो एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीचा होता. कल्याणची आमची चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली, तेव्हा निम्मी बिऱ्हाडे डोंबिवलीला आणि शीळफाट्याकडे गेली. पण मिरवणुकीच्या दिवशी त्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून परत येतात आणि आई पुढे उभी राहून शिट्टीवर त्यांचे लेझीम चालवते. ज्यांना चालवत नाही त्यांना मागच्या सजवलेल्या टेम्पोत, स्पीकरशेजारी खुर्ची मिळते. तिथे बसलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उतरल्याचे आमच्याकडे उदाहरण नाही.

पप्पांनी एकदा विचारलेच, "मग, टेम्पोत खिडकीची जागा सांगून ठेवू का?"

"तुम्हीच बसा," आई म्हणाली. "स्पीकरपेक्षा तुमचा आवाज मोठा आहे."

ठाण्याच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला. टाचेच्या हाडाला खालून लहानसा काटा वाढलेला दिसत होता. आईने तो पाहताच विषय संपवला.

"काटा आहे ना? मग काढून टाका."

"काकू, हा काटा कितीतरी लोकांना असतो आणि त्यांना काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "काटा काढला म्हणून दुखणं जाईलच असं नाही. ऑपरेशन अगदी शेवटी, आणि बहुतेकांना लागतही नाही."

मग त्यांनी पर्याय मांडले. पोटरीचे आणि तळपायाचे ताण देणारे व्यायाम, टाचेखाली सिलिकॉनची गादी आणि घरातही मऊ चप्पल, ही सुरुवात. त्याने भागले नाही तर फिजिओथेरपी आणि यंत्राने देतात ती आघातलहरींची उपचारपद्धती. आणि त्यापलीकडे स्टेरॉइडचे इंजेक्शन. परतताना रिक्षात मी मनातल्या मनात त्यांची तुलना करत होते. व्यायाम स्वस्त, निर्धोक, पण संथ, आणि तो रोज करणाऱ्याच्या चिकाटीवर अवलंबून. गादीने आराम पडतो, पण मूळ दुखणे तसेच राहू शकते. इंजेक्शन सर्वांत झटपट, परंतु त्याचा गुण टिकतोच असे नाही, आणि क्वचित का होईना, तो पडदा फाटण्याची किंवा टाचेखालची चरबी झिजण्याची भीती असते. माझा कौल स्पष्ट होता. आईचाही होता, आणि तो इंजेक्शनला होता.

"जयंती जवळ येईपर्यंत व्यायामाने नाही बरं वाटलं तर इंजेक्शन," असा तह झाला. मी त्याला एक अट जोडली: एका वेळी एकच उपाय. काही आठवडे फक्त व्यायाम, मग त्यात गादीची भर, मग गरज पडल्यास पुढचे. सगळे एकदम केले तर कशाने गुण आला हे कळणार नाही. आईने मान डोलावली. शिक्षिकेची मान ती, समोरच्याला आपले म्हणणे पटले असे वाटण्याइतकी नेमकी डोलते. रोज सकाळी ती वेदनेला दहापैकी गुण द्यायची आणि ते देताना पेपर तपासल्यासारखी विचारात पडायची. "आज सहा. नाही, साडेपाच. अक्षर चांगलं आहे."

व्यायाम मी स्वतः शिकवले: भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, पलंगावर बसून टॉवेल चवड्यात अडकवून पाऊल आपल्याकडे ओढायचे. फेब्रुवारीत गुण झपाट्याने उतरू लागले. मी खूश होते. केवळ व्यायामाने इतक्या लवकर असा उतार पडावा हे मला थोडे जास्तच चांगले वाटत होते, आणि प्रयोगशाळेत असे काही दिसले की मी नमुना पुन्हा तपासते. घरी तपासला नाही.

एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने परतले. आई बाल्कनीत स्टुलावर बसली होती. समोर गॅसवर तापवलेली वीट, तिच्यावर रुईचे पान, पानावर आईची टाच. शेजारच्या काकू पान उलटवत होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर शीळफाट्याच्या मावशीने पाठवलेल्या काळसर तेलाची बाटली होती. आणि आईच्या घरातल्या चपलेत, मार्चपूर्वी यायला नको होती अशी, निळी सिलिकॉनची गादी होती.

"हे कधीपासून?" मी विचारले.

काकूंनी अभिमानाने उत्तर दिले. "पंधरवडा झाला असेल. बघ ना, किती फरक पडलाय! पान मी पत्रीपुलाकडून आणते. इथलं धुळीचं असतं."

"आणि तेल?"

"तेल रात्रीचं," आई म्हणाली. आवाज एकदम बारीक. "ते पानाच्या आड येत नाही."

काकू गेल्यावर मी बोलायला लागले. एक उपाय, दुसरा उपाय, त्यांचा एकत्रित परिणाम, मूळ ठरलेली अट. आईने मला मध्येच थांबवले.

"अगं, ती एवढ्या लांबून पान घेऊन आली. नको म्हणू? तिला काय वाटेल, की हिची मुलगी शिकली आणि आता आमचं पान चालत नाही?"

"पान नको म्हणणं म्हणजे काकू नको म्हणणं नव्हे, आई."

"आपल्याकडे तेच असतं," ती शांतपणे म्हणाली.

हे खरे होते, आणि माझ्या आखणीत ते कुठेही धरलेले नव्हते. चाळीत कोणी उपाय सांगितला की तो फक्त सांगून थांबत नाही. तो करून आणतो आणि तुमच्या दारात उभा राहतो. घेणाऱ्याने तो करायचा आणि नंतर फरक पडला असे सांगायचे, ही त्याची पोच. आईने ती पोच सर्वांना दिली होती: काकूंना पानाने, मावशीला तेलाने, मला व्यायामाने बरे वाटत होते. ती खोटे बोलत नव्हती. बरे वाटतच होते, आणि सगळे एकदमच चालू होते. शिवाय बहुतेकांची टाच काही महिन्यांत आपोआपही सुधारते. त्या शक्यतेचे श्रेय मागायला तर कोणी आलेलेच नव्हते.

मार्चमध्ये उतार थांबला. उभे राहून चालणे जमत होते, पण लेझीममधला बैठकीचा प्रकार, म्हणजे खाली बसून झटक्यात उठण्याचा, केला की टाचेतून कळ जायची. आईने तहाची आठवण करून दिली. आम्ही पुन्हा ठाण्याला गेलो.

"इंजेक्शन दिल्यावर बैठका चालतील ना?" तिने डॉक्टरांना विचारले.

"दुखणं कमी होईल, काकू. पण त्यानंतर काही आठवडे उड्या, बैठका, जोर, काहीच नको. दुखत नाही म्हणून तुम्ही जोर लावाल, आणि धोका तिथेच आहे."

आईने टाच जमिनीवर हळूच दाबून पाहिली. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टाच कशाने बरी होईल, याची तुलना मी इतके दिवस करत होते. आई रांगेच्या पुढे कशाने उभी राहील, याची करत होती. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असायचे काही कारण नव्हते, आणि मी तिला तिचा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"बैठकीशिवाय लेझीम होतं का?" मी विचारले.

"होतं," ती अनिच्छेने म्हणाली. "पण बैठक आली की लोक टाळ्या वाजवतात."

"आणि बैठक नसेल तर तुला पुढे उभं राहता येईल?"

तिने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी होकार दिला: जाड तळाचे बूट, अध्येमध्ये विश्रांती, व्यायाम चालू. इंजेक्शन राहिले. पांढऱ्या साडीखाली बूट कसे दिसतील यावर रिक्षात वाद झाला, आणि तो मी हरले. बूट पांढरेच घ्यायचे ठरले.

मिरवणुकीच्या संध्याकाळी मी फुटपाथवरून तिच्या बाजूने चालत होते. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, हातात लेझीम. चौकापर्यंत ती छान चालली. चौकात हलगी चढली, लोक गोल करून उभे राहिले, आणि नेहमीच्या सवयीने सगळ्या बायका तिच्या शिट्टीची वाट पाहत गुडघे वाकवायच्या तयारीत आल्या. आईने शिट्टी फुंकली ती डावी-उजवीच्या प्रकाराची. रांग क्षणभर गोंधळली. दोघी बसता बसता राहिल्या, एकीचे लेझीम दुसरीच्या कोपराला लागले, मग सगळ्या उभ्यानेच डुलू लागल्या. टाळ्या थोड्या उशिरा आल्या, पण आल्या.

सरबताच्या टेबलापाशी आई खांबाला टेकून उभी होती, घामाने चिंब, हसत नव्हती. तिला वाटत होते की आपण मिरवणूक बिघडवली. तेवढ्यात डोंबिवलीहून आलेल्या, जाड चष्म्याच्या एक बाई ग्लास घेऊन आल्या.

"ताई, एक बोलू? राग नका मानू."

"बोल ना."

"ती बैठक पुढच्या वर्षीही नको. माझे गुडघे गेली तीन वर्षं बोंबलतायत."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या उत्साहाने घेता. कसं नाही म्हणणार?"

मागून आणखी एकीचा आवाज आला, "माझंही तेच हो." आणि मग एकीमागून एक, कंबर, घोटा, मणका, सगळ्यांचे हिशेब बाहेर पडले. काकू म्हणाल्या की त्या तर बैठकीत बसायच्याच नाहीत, साडी नीट करायच्या. आईने त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि मोकळेपणाने हसू लागली. ग्लास टेबलावर ठेवून तिने तिथेच, रस्त्याच्या कडेला, बसावे न लागणाऱ्या एका नव्या प्रकाराची पावले दाखवायला सुरुवात केली, आणि बायका हातात सरबत घेऊनच तिच्यासमोर रांगेत उभ्या राहिल्या.