पोशीरची निळी रेघ

आमचे हे, म्हणजे रिटायर हवालदार कोंडीराम, वर्षभर लेबनॉनला होते. निळी टोपी घालून, युनोच्या फौजेत. तिकडच्या देशांतून येताना लोक सोनं आणतात, अत्तर आणतात. यांनी शहाणपण आणलं, आणि ते ठेवायला आमच्या भिसेगावच्या दोन खोल्यांत जागाच नव्हती.

तिथं यांचं काम काय, तर पिंपांकडं बघायचं. दोन हजार साली इस्रायलचं सैन्य लेबनॉनमधून मागं गेलं, तेव्हा ते पुरतं गेलं की नाही हे ठरवायला युनोनं एक रेघ आखली. ती सीमा नव्हे, हे आमचे हे दहा वेळा बजावतात. नुसती रेघ. तिच्यावर पुढं निळी पिंपं ठेवली. कोणी पिंप ओलांडलं तर लिहून घ्यायचं आणि वर कळवायचं. बकरी गेली तरी कळवायचं. बंदूक होती, पण ती पुसण्यापुरती. वर्षभरात एकही तंटा मिटवला नाही, फक्त कळवला, ही यांची खंत. मरायच्या आधी जगातलं एक तरी जमिनीचं भांडण मिटवायचं, असं यांनी डोक्यात घेतलं. मी म्हटलं, आधी आपल्या नळावरचं मिटवा. पण घरच्या नळाला कोण विचारतो.

यांना भांडण मिळालं ते गावाकडं, पोशीरला. मालोजी आणि सखा, सख्खे भाऊ, मधे एक बांध. दरवर्षी लावणीच्या आधी मालोजी आपल्या बाजूनं बांध कोरायचा, सखा आपल्या बाजूनं. कोरून कोरून बांध एवढा बारीक झाला की त्यावर बगळासुद्धा विचार करून बसायचा. त्या बांधावरून जाणारं माणूस एकच, त्यांची आई सोनाकाकी. म्हातारी सकाळी मालोजीकडं जेवायची, संध्याकाळी सखाकडं. तिला जमीन नको होती. तिला दोन्ही लेकांच्या घरी पायी जाता यावं, एवढंच हवं होतं.

यांनी दोघा भावांना ओट्यावर बसवलं आणि इस्रायल-पॅलेस्टिनींचं भांडण सत्तेचाळीस सालापासून सांगायला सुरुवात केली. एक भूमी, दोन समाज, दोघंही म्हणतात आमच्या वाडवडलांची. युनोनं कागदावर वाटणी केली, ती एकानं मानली, दुसऱ्यानं नाही. युद्ध झालं, लाखो अरब घरातून उठले, काहींनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या. पुढं सदुसष्ट साली सहा दिवसांत इस्रायलनं कितीतरी मुलूख घेतला. नंतर आणखी युद्धं, तह, पुन्हा युद्धं. यांचा हेतू असा की ऐकून दोघांना शहाणपण यावं.

मालोजीनं विचारलं, सहा दिवसांत एवढी जमीन कशी काय, ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा होता. आणि सखानं दुसऱ्या दिवशी गळ्यात किल्ली अडकवली. कशाची म्हणाल, तर जुन्या सायकलच्या कुलुपाची. मग रोज नवा तमाशा. मालोजी सकाळी म्हणे, मी इस्रायल, मला चहूबाजूंनी घेरलंय. दुपारी म्हणे, मी पॅलेस्टिनी, मला घरातून हाकललंय. सखाचंही तेच. दोघं एकाच दिवशी एकाच बाजूचे व्हायचे आणि जास्त अन्याय कोणावर झाला यावरून एकमेकांची गचांडी धरायचे. मला हसू यायचं आणि संतापही यायचा.

शेवटी यांनी मोहोपाड्याच्या भंगारवाल्याकडून प्लास्टिकची निळी पिंपं आणली. टेंपो भरून. सखा म्हणाला, हवालदार, निळाच रंग का, उद्या जमीन तुमची म्हणाल. आमची माणसं आणि निळा रंग, म्हणजे आणखी कसली शंका आली असेल ते मला कळलं. हे शांतपणे म्हणाले, रंग युनोचा आहे. सखानं युनो कुठल्या जातीचे ते विचारलं. त्याला बहुतेक खरंच जाणून घ्यायचं होतं.

पिंपं बांधावर मांडली आणि नियम झाला की पिंपाजवळ कोणी फिरकायचं नाही. हे मधोमध खुर्ची टाकून बसले. आठवड्यात मालोजीची तक्रार आली की पिंप सरकलंय. सखाची आली की सरकलंय, पण उलट्या बाजूला. मग यांनी एका ओळीच्या दोन ओळी केल्या आणि मधला पट्टा कोणाचाच नाही असं ठरवलं. तक्रारी थांबेनात, तसा पट्टा रुंद होत गेला. ज्या वीतभर बांधावरून डोकी फुटायची वेळ आली होती, त्याच्यापायी आता दोघांची निम्मी खाचरं पडीक पडली. भाताच्या जागी गवत कमरेएवढं वाढलं. दोघा भावांना त्याचं काही वाटेना. दुसऱ्याचंही तेवढंच बुडालंय, यात ते खूश होते.

आणि सोनाकाकी? तिला पट्टा ओलांडायला परवानगी लागायची. हे खुर्चीवरून उठून हात वर करायचे, मग म्हातारी निघायची. एकदा मालोजी म्हणाला, आई माझ्या घरातून वाटी नेते, तिकडं माल जातो. सखाचीही तीच तक्रार. तेव्हापासून हे तिची वाटी उघडून बघायला लागले. त्यात काय असणार, वालाचं बिरडं. मी यांना तिथंच सुनावलं, लाज वाटते का. म्हणाले, दोन्ही पक्षांची मागणी होती, गंगा.

त्या दिवशी मी यांचा डबा घेऊन गेले होते. म्हातारी गवतातून येत होती आणि दिसेनाशीच झाली. पाय खड्ड्यात गेला होता. ओरडली. मालोजी धावत आला तो त्याच्या बाजूच्या पिंपापाशी थांबला. सखा धावत आला तो त्याच्या पिंपापाशी. मी आत गेलो तर हा म्हणेल जमीन बळकावली, असं म्हणत दोघं उभे. आई मधे विव्हळतेय आणि दोघं एकमेकांच्या पायांकडं बघतायत. मालोजीनं पाय उचलला, तर आमच्या ह्यांनी सवयीनं शिट्टी फुंकली.

मला त्या शिट्टीचा जो राग आला तो अजून गेलेला नाही. मी डबा टाकला आणि आत घुसले. मागनं हेही आले, खुर्ची पाडून. म्हातारीचा घोटा टम्म सुजला होता. तिला माझ्या मांडीवर घेतलं. आता दोन्ही लेक ओरडायला लागले, माझ्याकडं आणा, माझ्याकडं आणा.

"कुठंच नको," सोनाकाकी म्हणाली. "मला हितंच ऱ्हाऊ द्या. हितं कोनाचा हक्क नाय."

नेरळच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि म्हातारी खरंच त्या पट्ट्यात येऊन बसली, खाटेवर. ह्यांचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या सकाळी यांनी एकट्यानं सगळी पिंपं उचलून टेंपोत घातली. संध्याकाळपर्यंत दोघा भावांनी स्वतःच्या खर्चानं नवी आणून मांडली. त्याशिवाय आता त्यांना झोप येत नाही म्हणे.

मग म्हातारीला खोपट बांधायचं ठरलं. यांनी बांबू रोवले, मी कुडाला शेण लावलं. दार कुठल्या बाजूला ठेवायचं म्हटल्यावर मालोजी आणि सखा आपापल्या पिंपाशी आले आणि लागले भांडायला. मालोजी म्हणे, मी थोरला. सखा म्हणे, माझ्याकडून ऊन येतं. आमचे हे कुणाकडंच बघेनात. खाली बसून त्यांनी म्हातारीलाच विचारलं, काकी, दार कुठं ठेवू.

"रस्त्याकडं ठेव, कोंडीराम," ती म्हणाली. मग लेकांकडं बघून, आवाज जराही न चढवता म्हणाली, "तुमच्याकडं ठिवलं आसतं रं. पन मी पडले तवा तुमी पिंपापर्यंतच आलात."