जळकोटची अक्का आणि बंदरावरचं धुकं

आमच्या जळकोटहून पहाटे गाडी काढली तर सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत अंधार पडायच्या आत कोकणातल्या समुद्रात पाय बुडवता येतात. नातू परवाच जाऊन आला आणि आल्या आल्या मला हे लिहायला बसवलं. मला तोच रस्ता तीन दिवस लागला होता. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, जळकोट निजामाच्या मुलखात होतं, मोठं युद्ध नुकतंच संपलं होतं. आणि मी समुद्र पाहायला निघालो नव्हतो, अक्काला घरी आणायला निघालो होतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण गिरिजा. तिला सोलापुरात दिली होती. दाजी इंग्रजी मुलखात सरकारी नोकरीत होते आणि त्यांची बदली देवगडजवळ, खाडीच्या तोंडाशी एका लहान बंदरावर झाली होती. रोज सकाळ-संध्याकाळ हवेतली उष्णता, ओल, वारा मोजायचा आणि आकडे तारेनं पुण्याला कळवायचे, हे त्यांचं काम. हवा मोजायला सरकार पगार देतं, याचं आमच्या दुकानावर बसणाऱ्यांना मोठं नवल वाटायचं. मग पावसाळ्याच्या शेवटी पत्र आलं, दाजींच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मागून दुसरं आलं, सुधारणा नाही. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पौषात मला बोलावलं आणि म्हणाले, "जा, दोघांनाबी घेऊन ये. भाकरीला काय कमी न्हाय आपल्याकडं."

सोलापूरपर्यंत कोळशाच्या धुरावर चालणारी सर्व्हिस मोटार होती. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. सरहद्दीवर करोडगिरी नाका, म्हणजे निजामाचा जकात नाका, लागला. तिथल्या कारकुनानं माझं गाठोडं सोडलं. शेंगाचटणी आणि भाकरी राहू दिल्या, पण अक्कासाठी नेलेली ज्वारी मात्र काढून घेतली. "धान बाहर ले जाने की मनाई है, मियाँ," एवढंच बोलला. सोलापुरात निजामाचे हाली रुपये देऊन इंग्रजी कलदार घेतले, कारण आमचं नाणं पुढं कुणी घेत नसे. कुर्डुवाडीला गाडी बदलून लहान रुळाच्या गाडीनं मिरज, तिथून कोल्हापूर. दोन रात्री फलाटावर काढल्या. तिसऱ्या दिवशी फोंडा घाटाच्या मोटारीत बसलो. थंडीचे दिवस म्हणून मी घोंगडी पांघरून होतो. घाट उतरला तसा घाम फुटायला लागला, तरी ती काढायची मला लाज वाटली, कारण आत सदरा फाटका होता. शेजारचा म्हातारा म्हणाला की कोकणात थंडी असते, पण ती पहाटे येते आणि न्याहारीआधी निघून जाते. त्याचं बोलणं खरं निघालं. तुम्ही जाणार असाल तर पौष-माघात जा आणि स्वेटर घरी ठेवा.

देवगडहून होडीनं बंदरावर पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. दाजी खाटेवर पडून होते. त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण मला ओळखून हसले. अक्का वाळली होती. तिनं कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. मी आल्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, आधी झोप.

सकाळी समुद्र बघायला बाहेर आलो आणि समोर काहीच नव्हतं. सगळं पांढरं. अंगणातली विहीरसुद्धा अर्धीच दिसत होती. मी अक्काला विचारलं, समुद्र कुठं आहे. "हितंच हाय, म्होरं," ती म्हणाली. "आईक." खरंच, दहा पावलांवर लाटा वाजत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र मी असा ऐकला.

अंगणात चार पायांवर उभी झडपांची एक पांढरी पेटी होती. अक्कानं पदर खोचला, पेटी उघडली आणि आत वाकून पाहिलं. आत काचेच्या दोन नळ्या होत्या, दोन्हींत पारा. एकीच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. हवा कोरडी असली की ओली चिंधी वाळायला लागते आणि तिचा पारा खाली उतरतो, असं तिनं समजावलं. आपल्याकडं दोन्हींत लई फरक पडला असता. आज दोन्ही एकाच रेघेवर होते. हवेत आता आणखी पाणी मावत नाही, असा त्याचा अर्थ. मग ती पायरीवर उभी राहिली. धक्क्याचा खांब, पलीकडच्या तीरावरचे माड, टेकाडावरचं देऊळ, लांबचा दीपस्तंभ, यांतलं काय काय दिसतं त्यावरून धुकं किती दाट ते ठरायचं. त्या दिवशी फक्त खांब दिसत होता. तिनं वहीत आकडा लिहिला आणि तारेचा कागद भरला.

तेवढ्यात धुक्यातून एक तांडेल आला. त्याचं गलबत माल भरून तयार होतं. "वयनी, धुकां कधी सुटतलां?"

अक्कानं वाऱ्याचा बाण पाहिला. अजून जमिनीकडचा वारा होता. तो फिरल्यावर सुटेल, नऊच्या आधी नांगर उचलू नका, असं तिनं सांगितलं. तांडेल मान हलवून गेला. नऊ वाजून थोडं झालं असेल, समुद्राकडून वारा आला आणि धुकं चादर ओढावी तसं माडांवरून निघून गेलं. मागं समुद्र होता. मी बराच वेळ तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

दाजी पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे सगळं अक्का करत होती. आधी दाजी खाटेवरून सांगायचे आणि ती वाचायची. महिन्याभरात सांगायची गरज राहिली नाही. तार मात्र दाजींच्या नावानं जायची, पगारही त्यांच्याच नावानं यायचा. वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी तिनं बारीक 'गि' काढला होता. विचारलं तर म्हणाली, "ज्यानं वाचलं त्याची खूण पायजे. तुझ्या दाजींनीच शिकवलंय."

मी गेल्यावर पाचव्या दिवशी पत्र आलं की पुण्याहून तपासणीला साहेब येणार. मी तिला म्हणालो की साहेब यायच्या आत निघू, नोकरी सुटली असं आपणच कळवू, अब्रू तरी राहील. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "अप्पाकडं दोन वेळ खाईन म्या. पण मग हितं सकाळी कोण बघंल?"

मग मी वही चाळली. कार्तिकातल्या एका दिवसाची ओळ कोरी होती. त्या पहाटे दाजींना पुन्हा झटका आला होता आणि अक्का त्यांना सोडून अंगणात गेली नव्हती. शेजारी लिहिलं होतं, 'वाचलं न्हाय.' मी मोठ्या शहाणपणानं सुचवलं की आदल्या आणि पुढल्या दिवसाच्या मधले आकडे टाक, कुणाला कळणार नाही. तिनं वही माझ्या हातातून घेतली आणि त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही.

साहेब तपासणीच्या आदल्या सांजेला बंदरावर उतरले आणि सकाळी आठच्या आधी अंगणात हजर झाले. दाट धुकं होतं. त्यांनी अक्काला वाचू दिलं, नंतर स्वतः वाचलं, आणि दोघांचे कागद शेजारी ठेवले. आकडे जुळले. एक सोडून. साहेबांनी लिहिलं होतं की माड दिसतात. अक्कानं फक्त खांब लिहिला होता.

"बाई, माड मला दिसतात," साहेब म्हणाले.

अक्कानं सांगितलं की ते पलीकडचे माड नव्हेत, अलीकडच्या वाडीतले आहेत. धुक्यात लांबचं जवळ आणि जवळचं लांब वाटतं. तिचंही पहिल्या महिन्यात दोनदा चुकलं होतं. साहेब त्या माडांपर्यंत चालत गेले. धुक्यातून परत आले तेव्हा बूट चिखलात भरले होते. त्यांनी आपल्या कागदावरची ओळ खोडली.

मग ओसरीवर बसून त्यांनी वही पाहिली. पान उलटत कार्तिकात आले आणि थांबले. ही ओळ कोरी का, असं विचारलं. अक्कानं सांगितलं. भिंतीला टेकवून बसवलेले दाजी काहीतरी बोलायला धडपडत होते. आणि मी, ज्यानं ती ओळ भरायला सांगितली होती, खाली मान घालून बसलो होतो.

साहेबांनी चष्मा पुसला. "किती तरी वह्या तपासल्या मी," ते म्हणाले. "बहुतेकांत एकही ओळ कोरी नसते. माणूस आजारी पडतो, घरी मयत होतं, तरी वही भरलेली असते. बाई, ही ओळ कोरी आहे म्हणून बाकीच्या सगळ्यांवर माझा विश्वास बसतो."

जाताना त्यांनी सांगितलं की नेमणुकीबद्दल वरच्या साहेबांना लिहितो, वचन देत नाही. तोवर तार ज्यानं वाचलं त्याच्याच नावानं जाऊ दे. त्या दिवशीच्या तारेखाली अक्कानं पूर्ण नाव लिहिलं. दाजी रडत होते. मी बाहेर गेलो आणि समुद्राकडं तोंड करून उभा राहिलो, कारण मलाही तेच होत होतं.

मी एकटाच परतलो. वाटेत तीन दिवस अप्पांना काय सांगायचं याची उजळणी करत होतो. बापाचा शब्द मोडून आलो होतो. घरी सगळं सांगितलं, कोऱ्या ओळीचं आणि माझ्या शहाणपणाचंही. अप्पांनी एकदाच विचारलं, नाव तिनं सोताच्या हातानं लिहिलं का. मी हो म्हणालो. ते उठून दुकानात गेले.

उन्हाळ्यात नेमणुकीचं पत्र आलं, तात्पुरतं, कमी पगाराचं, पण अक्काच्या नावाचं. पुढं तिनं बरीच वर्षं ते काम केलं, दाजी गेल्यावरसुद्धा. मी नंतर मास्तर झालो. मुलांना पुष्कळ काही शिकवलं असेल, पण न पाहिलेलं लिहायचं नाही, एवढं एकच मी खऱ्या अधिकारानं शिकवलं, कारण ते मला आधी येत नव्हतं.

पत्र आलं त्या दिवशी बाजार होता आणि दुकानात गर्दी. कुणीतरी सहज विचारलं, पोरीला आणायला धाडलं हुतं न्हवं, आली न्हाय व्हय. अप्पा सरळ बसले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय येत ती. तिला सवड न्हाय. समुद्रावरची हवा कशी हाय, ते सरकार आमच्या गिरिजाला इचारतंय."