काशिनाथकाकांची सहा बटणं

काशिनाथकाका गेल्याची बातमी मला सलीमभाईंनी फोनवर दिली. शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील, कॅफेचं शटर मी नुकतंच वर केलं होतं. सलीमभाई काकांच्याच शेडमध्ये लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करतात, त्यांचा फोन आला की आधी लूमचा खडखडाट ऐकू येतो आणि मग ते. त्या दिवशी मागे काहीच आवाज नव्हता. "काशीभाई नहीं रहे," ते म्हणाले. "सुबह ड्युटी पे आए, बोले छाती भारी लग रही है, पानी पिया, और बैठे-बैठे..." मालकानं सगळे लूम बंद करायला लावले होते. काका बावन्न वर्षांचे होते.

याला आता सहा आठवडे झाले. काका भिवंडीजवळ टेमघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. मूळचे वाडा तालुक्यातले, कुणबी, घरची थोडी भातशेती, पण आयुष्य गेलं भिवंडीत. मी टेमघरचाच, आगरी. बापानं दापोड्याची जमीन गोदामाला दिली आणि मला रस्त्यालगतच्या गाळ्यात नऊ कॉम्प्युटरचा सायबर कॅफे टाकून दिला. काकांशी माझं नातंगोतं काही नाही. त्यांच्यावर एकदा चारचौघांत लबाडीचा आळ आला. ती लबाडी माझी होती, आणि मी तोंड उघडलं नाही. ते सांगायचं आहे म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर लिहिणं हा काही माझा धंदा नव्हे.

काका कॅफेत आले ते लोडशेडिंगमुळे. त्या वर्षांत दिवसातून दोनदा तरी लाइट जायची, लूम थांबायचे, आणि कामगार शेडबाहेर विड्या ओढत बसायचे. माझ्याकडे जनरेटर होता. एका दुपारी हा जनरेटर नुसताच गुरगुरायला लागला, तर रस्त्यावरनं जाणारा एक माणूस न विचारता मागच्या बाजूला गेला, कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "शेट, याचा एक बोल्ट ढिला हाय. पाना हाय का?" बोल्ट आवळला, जनरेटर सुरळीत झाला. मी चहा मागवला. चहा पिता पिता त्यांनी पोरांच्या पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्ये काय चाललंय?" मी म्हटलं, मारामारी. "आन् ह्यो दिसत का न्हाय?" तो चोर आहे म्हणून, मी सांगितलं. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. चार नंबरचं मशीन. नंतर ती जागा त्यांचीच झाली.

खेळ इंटरनेटवरचा होता, जगभरातले लोक त्यात एकाच वेळी असायचे. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार, आणि एक जात छुप्यांची, तिला आम्ही चोर म्हणायचो. चोर अदृश्य होऊन चालतो, शत्रूच्या पाठीमागे पोचतो आणि पहिला वार करतो. त्या वाराबरोबर तो दिसायला लागतो. मग पुढचे पाच वार लागोपाठ, ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या अंतरानं पडले पाहिजेत. बटण लवकर दाबलं तर खेळ ते घेतच नाही, उशिरा दाबलं तर समोरचा सावरतो, आणि चोराच्या अंगावर चिलखत नसल्यामुळे त्याचा भुगा होतो. सहा बटणं, एक ते सहा आकड्यांची. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही विशीतली पोरं, बोटं तुरुतुरु चालायची, आणि चौथ्या वाराला हमखास घाई करायचो. पंचेचाळिशी ओलांडलेला, नखांत कायमचं ऑइल असलेला हा माणूस महिन्याभरात आम्हाला एकेक करून झोपवायला लागला. "तुजा हात घाई करतो रं," ते मला म्हणायचे. "धोटा जाऊन परत येईपर्यंत दम धर." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन लूमवर ये-जा करणारी नळी; जन्मभर लूमचा ठेका कानात बसलेला, त्यांची बटणं त्या ठेक्यावर पडायची. टक्, टक्, टक्... पाठ करून बसलं तरी आम्हाला ते जमायचं नाही. आणि त्याहून अवघड म्हणजे वाट बघणं. काका समोरच्याच्या मागे अदृश्य उभे राहायचे, अर्धा मिनिट, एक मिनिट, तो वळेपर्यंत, कंटाळेपर्यंत. पोरं ओरडायची, मारा ना काका! काका ढिम्म.

आता मॅक्रोचं सांगतो. मॅक्रो म्हणजे एक छोटासा प्रोग्राम. त्याला एकदा शिकवून ठेवायचं की ही सहा बटणं, या क्रमानं, एवढ्या अंतरानं. मग आपण एकच बटण दाबायचं, बाकीचं तो करतो. चूक नाही, घाई नाही. कॅफेत मी स्वतःच्या हातानं पाटी लावली होती, 'मॅक्रो लावणाऱ्यास हाकलण्यात येईल'. त्यावर भाषणं ठोकायचो, खेळ हाताचा असतो वगैरे. एकदा निलेश, आमच्यातला सगळ्यात तोंडाळ पोरगा, काकांना चिडवायला म्हणाला, "काका, तुम्ही मशीनवर पोट भरता आणि मशीनला नावं ठेवता?" काका हसले. "मशीनला कोन नाव ठेवतंय? पन लूमवर कापड इनून त्ये हातमागाचं म्हनून इकलं तर? त्ये वाईट." पोरांनी माना डोलावल्या. मीही मान डोलावली, अगदी शहाण्यासारखी. त्याच महिन्यात मी काउंटरवरच्या माझ्या मशीनवर मॅक्रो टाकला होता.

का टाकला, तर जळत होतो म्हणून. कॅफे माझा, पाटी माझी, आणि पोरं काकांच्या खुर्चीमागे गर्दी करायची. एक जॉबर रोज दुपारी येऊन मला माझ्याच गाळ्यात हरवतो, हे माझ्या डोक्यात जायचं. मॅक्रो आल्यावर मी जिंकायला लागलो, दहातले सहा-सात डाव. एका दुपारी मात्र काकांनी गंमत केली. माझा पहिला वार पडला तसे ते दोन पावलं मागे सरकले. कोणीही हात आवरला असता. माझे उरलेले पाच वार हवेत पडले, एकामागोमाग एक, समोर कोणी नसताना. पुढच्या डावालाही तेच. तिसऱ्या डावालाही तेच. मग काकांनी पडद्यावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, लाइट आली असंल," आणि डबा उचलून गेले. मी स्वतःला समजावलं की त्यांना काही कळलेलं नाही.

पुढे कल्याणच्या एका कॅफेची पोरं आमच्याशी सामना खेळायला आली. शुक्रवार ठरला, कारण शुक्रवारी लूम बंद. गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती, वडापावची पिशवी डोक्यावरनं फिरत होती. आमच्याकडून काका आणि मी, दोघेही चोर. आम्ही त्यांना धुतलं. शेवटचा डाव संपला तसा त्यांचा कप्तान उठला आणि म्हणाला, "ह्यांच्यात कोणीतरी मॅक्रो लावलाय. एवढे एकसारखे वार हातानं पडत नाहीत." पोरं त्याच्या अंगावर गेली. तो हटला नाही. "त्या काकांचे बघा ना. घड्याळ लावून मोजा, अंतर सारखंच!" आणि ते खरंच होतं. काकांचे वार एकसारखेच पडायचे. माझ्या मॅक्रोत मी, कोणाला संशय येऊ नये म्हणून, थोडं कमी-जास्त अंतर ठेवलं होतं. म्हणजे लबाडाचा हात माणसासारखा दिसत होता आणि माणसाचा हात मशीनसारखा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालक मी, पाटी माझी. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडातून दुसरंच निघालं, "काका, उठा खुर्चीवरून." निलेश मोठ्यानं हसला. कोणीतरी म्हणालं, कामगार माणूस, त्याला काय कळतंय, कोणीतरी बसवून दिला असेल. काकांनी त्या पोराकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. काउंटरकडे बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं, मशीन उघडून बघितलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. ते "बरं" म्हणाले, चपला घातल्या आणि निघून गेले. मशीन नंबर चार कोणी तपासलंसुद्धा नाही. मीच तपासू दिलं नाही. म्हटलं, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. वर उदारपणाचा आव!

काका त्यानंतर कॅफेत आले नाहीत. तीन वर्षं. रस्त्यात दिसले की स्वतःहून विचारायचे, "काय शेट, बरं हाय ना?" तोच आवाज, तोच हसरा चेहरा. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मॅक्रो मी त्याच आठवड्यात काढून टाकला, आणि खेळही हळूहळू सुटला. पोरं नोकऱ्यांना लागली, घरोघरी इंटरनेट आलं, कॅफेत आता फॉर्म भरायला येणारे तेवढे उरले. पण ते "उठा खुर्चीवरून" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. शेवटी, काका जायच्या महिनाभर आधी, मी त्यांच्या शेडमध्ये गेलो. जनरेटरचं निमित्त काढलं होतं. आत चोवीस लूम चालू. ज्यानं ते ऐकलेलं नाही त्याला सांगून कळणार नाही, स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. काका एका लूमवर वाकले होते, शेजारच्या लूमवर सलीमभाई. मी जवळ गेलो, आणि बाहेर चला म्हणून खूण करायच्या ऐवजी तिथंच, साध्या आवाजात बोललो, "काका, त्या दिवशी मॅक्रो माझा होता. तुमचा नव्हता. मी खोटं वागलो." माझं मलाच ऐकू आलं नाही. खरं सांगतो, म्हणूनच मी तिथं बोललो. सांगितल्याचं समाधान मला, आणि त्यांच्या कानावर काही पडायचं नाही. काका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनीही काहीतरी म्हटलं, बरंच लांब, माझ्या दंडावर थाप मारली आणि परत लूमकडे वळले. त्यांचं मला अक्षर कळलं नाही. मी हसून मान हलवली आणि बाहेर पडलो.

काकांच्या दहाव्याला मी त्यांच्या गावी गेलो. नदीवरचे विधी उरकून आम्ही झाडाखाली बसलो होतो, सलीमभाई माझ्या शेजारी. ते अचानक म्हणाले, "उस दिन आपने अच्छा किया, बोल दिया." मी विचारलं, काय बोललो? "वही, मॅक्रो का." मी म्हटलं, त्या आवाजात तुम्हाला ऐकू कसं आलं? सलीमभाई माझ्याकडे असे बघत राहिले, जणू विचारत होते, हा माणूस खरंच भिवंडीचा आहे का. "अरे भाई, सुनता कौन है? लूम पे सब होंठ पढ़ते हैं. बीस साल से काशीभाई से मेरी सारी बात ऐसे ही हुई है." लूमपासून हाकेच्या अंतरावर माझा जन्म गेला आणि मला हे ठाऊक नव्हतं. आम्ही जमिनीवाले, त्या दिवसाआधी शेडच्या आत कधी गेलोच नव्हतो.

"मग काका काय म्हणाले?" मी विचारलं. सलीमभाईंनी काकांच्याच मराठीत, त्यांची नक्कल करत सांगितलं, "'म्हाईत हाय,' बोले. 'तवाच म्हाईत व्हतं. तुजं एकच बटन वाजायचं आन् वार सहा पडायचे.'" अख्ख्या शेडमधला कोणता लूम बिघडलाय ते कानानं ओळखणारा माणूस, त्याला माझ्या काउंटरवरचं एक टक् ऐकू आलं नसेल असं मला तीन वर्षं वाटत होतं. "और बोले, 'मला नको सांगू. पोरांना सांग.'" सलीमभाई माझ्याकडे वळले. "आपने हँस के मुंडी हिलाई थी. काशीभाई खुश हो गए. बोले, सांगंल तो. फिर रोज मुझसे पूछते थे, लड़कों को बताया क्या." महिनाभर वाट बघितली त्यांनी. वाट बघणं त्यांना जमायचंच...

गेल्या शुक्रवारी मी पोरांना कॅफेत बोलावलं. पोरं म्हणजे आता बायकापोरांची झालेली, चौघे आले. मी उभा राहून सगळं सांगितलं, वर लिहिलं तसंच, काही न वगळता. वाटलं होतं शिव्या देतील, मग चहा होईल. निलेशनं एकच विचारलं, "तीन वर्षं?" मी हो म्हटलं. "मी रोज त्यांच्या शेडवरून कामाला जायचो. ते हात करायचे. मी बघायचो पण नाही त्यांच्याकडे. लबाड माणूस म्हणून." त्यानं चार नंबरच्या मशीनकडे बघितलं. "आता मी कोणाला हात करू?" तो उठून चार नंबरच्या मशीनकडे गेला, त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर ओढलं, कीबोर्ड उपटला आणि काउंटरवर माझ्यासमोर आपटला. बाकीची बटणं जशीच्या तशी होती. एक ते सहा या सहा बटणांवरचे आकडे पार पुसून गेले होते, सहाही सारखेच.

"कल्याणवाल्यांनाही सांग," निलेश म्हणाला आणि निघून गेला. त्या पोरांची नावं मला आठवत नाहीत, पत्ते ठाऊक नाहीत. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येतंय ती कल्याणलाही जाते. तेव्हा इथंच सांगतो. त्या शुक्रवारी मॅक्रो काउंटरवरच्या मशीनवर होता, माझ्या. काशिनाथकाका हातानं खेळत होते.