चुन्याचा खडा

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. पण हे कोणाला तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते.

मी शंकर नगरात दोन घरी पोळ्या करत होते. गुढियारीतल्या घरून सकाळी निघाले की दुपार उलटेपर्यंत पाणी पीत नसे. प्यायलं की लघवीला जावं लागणार, आणि त्या घरांत कुठे जायचं हे विचारायला जीभ उचलत नसे. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, कामाला जाणाऱ्या बायका असंच करतात. तव्यासमोर घाम गळायचा, लघवी हळदीसारखी पिवळी व्हायची. मला वाटायचं, गरमी आहे.

एका दुपारी पोळी लाटता लाटता कमरेतून अशी कळ निघाली की मी ओट्याखालीच बसले आणि ओकले. घरच्या मालकिणीने, मी तिला भाभी म्हणते, गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत दिसलं की डाव्या बाजूचा खडा नळीत अडकलाय, मागे लघवी तुंबून मूत्रपिंड सुजलंय. लवकर काढला नाही तर ते कामातून जाईल, असं सांगितलं. सरकारी दवाखान्यात नंबर लांबचा होता. नवरा मालधक्क्यावर हमाली करतो, त्याच्याजवळ काय असणार. भाभीने पैसे भरले. दर महिन्याला पगारातून कापायचे ठरलं.

दुर्बिणीने खडा काढला. तपासला तर कॅल्शियमचा निघाला. सासूबाई म्हणाल्या, "कॅल्शियम म्हणजे चुना. दूध, दही, पान, समदं बंद. भाजी खात जा."

मी ऐकलं. दोन्ही वेळा पालक नाहीतर लाल भाजी, म्हणजे लाल माठ. पाणी मात्र तसंच. उलट तोंड आणखीच बंद झालं. ज्या घराचे पैसे अंगावर, तिथे आणखी बाथरूम काय मागायचं?

पुढच्या सोनोग्राफीत उजव्या बाजूला नवा खडा दिसला. पोटावरचं थंड जेल पुसता पुसता मी रडले. पहिलंच फिटलं नव्हतं, आता दुसऱ्यासाठी कोणाच्या दारात उभी राहू? भाजी निवडताना, झाडू मारताना एकच विचार, हा आत वाढतोय. हात आपोआप कुशीवर जायचा. देवा, उचल मला, असंही म्हणून झालं.

डॉक्टरीणबाईंनी पूर्ण दिवसरातीची लघवी डब्यात जमा करून आणायला सांगितली. सासूबाईंनी नाक मुरडलं, "देवासमोरून नको नेऊ." डबा पिशवीत गुंडाळून ऑटोत बसले. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "का हे बेटी, मही?" ताक आहे का, म्हणून.

"हव," मी म्हणाले.

"बेचबे का?"

विकायला नाही, म्हणून मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या. तपासणीचा कागद आला तेव्हा मी काय खाते ते विचारून म्हणाल्या, "दही काहून सोडलं?"

"चुना होते म्हणून."

"उलटं केलं बाई. पालकात एक क्षार असते. जेवणातलं दही त्याले पोटातच धरते आणि संडासवाटे काढते. दही नाही, तर तो लघवीत उतरून खडा बनवते. जेवणासोबत दही खा. पालक, लाल भाजी क्वचित. मीठ कमी कर. आणि लघवी इतकीशी काहून? पाणी नाही पीत?"

मी खाली मान घातली. "कामावर बाथरूमले जायले जागा नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागून घे. नाही तर मूत्रपिंड देऊन बस."

तरी कितीतरी दिवस मी मागितलं नाही. मग पुन्हा बारीक कळ आली आणि हातातलं लाटणं थांबलं.

"भाभी, वो पीछे का बाथरूम..."

"हाँ, क्या हुआ? नल टपक रहा है?"

"नहीं. मैं जाऊँ क्या?"

"तो अब तक कहाँ जाती थी?"

"नहीं जाती थी."

दुसऱ्या दिवशी त्या बाथरूममध्ये बादली आणि मग्गा ठेवलेला होता. दुसऱ्या घरी विचारलं तर नाही म्हणाले. ते काम मी सोडलं. पगार घटला. भाभीला म्हटलं, थोडे कमी कापा, आणि फेडणंही लांबलं. कधी कधी नुसतं दहीसुद्धा आणवत नसे. पाणी फुकट होतं, ते पीत राहिले. लघवी पाण्यासारखी दिसेपर्यंत.

"इतकं पाणी पिऊन राहिली, म्हैस आहेस का?" सासूबाई म्हणायच्या.

खडा अजून आहे. मागच्या तपासणीला तेवढाच होता, वाढला नाही. कुशीवर हात जायचं मात्र थांबलेलं नाही. या महिन्यात भाभीने पगार दिला तेव्हा मी विचारलं, "इसमें से काटा नहीं?"

"पिछले महीने पूरा हो गया ना," ती म्हणाली.

भाभीचे पैसे सगळे फिटले.