रसायनाचा वर्ग सोडला तेव्हा

मैलापूरच्या आमच्या गल्लीतून कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या मुली आम्ही दोघी. समोरच्या घरातली ती आणि मी. दोन्ही घरं तंजावरकडची. आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तिच्या घरी आजोबांचा शब्द चालायचा. सगळी गल्ली त्यांना ताता म्हणायची. परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती : दोघींनी बरोबर जायचं आणि बरोबर यायचं. माझ्या अप्पांनी लगेच मान डोलावली. आमच्या घरात कॉलेज कोणी आतून पाहिलंच नव्हतं, तेव्हा अटीचा विचार करणार कोण? मला तर ती बरीच वाटली. एकटीनं बसमध्ये चढायची मला भीती वाटे.

इंटरला तिनं शास्त्राचा ग्रुप घेतला, म्हणून मीही घेतला. शाळेत सगळं तमिळमधून शिकलेली मी, इथं रसायनाच्या मिस भरभर इंग्रजीत बोलायच्या. फळ्यावरचं मी उतरवून घ्यायची, पण समजत काही नसे. ती मात्र पुढं वाकून ऐकायची. प्रयोगशाळेत काचेची नळी हातात धरली की तिच्या चेहऱ्यावर एक वेगळीच शांतता येई. परत येताना बसमध्ये ती मला सगळं पुन्हा समजावायची. मी हूं हूं करायची.

पहिल्या परीक्षेनंतर मिसनी मला थांबवून घेतलं. "इतिहासाच्या ग्रुपमध्ये जागा आहे. या आठवड्यात अर्ज दिलास तर होईल. रडतेस काय? यात लाज कसली?" मी त्याच दिवशी अर्ज दिला. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर माझा धीर सुटला असता.

बसमध्ये तिला सांगितलं.

"मी रसायन सोडलं."

"कधी?"

"आज. अर्ज दिला."

तिनं मांडीवरची वही मिटली. मग म्हणाली, "आणि माझ्या प्रॅक्टिकलच्या दिवशी?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. इतिहासवाल्या मुली दुपारी एकला सुटत. प्रॅक्टिकल आठवड्यातून तीन दिवस, साडेचारपर्यंत. 

"अग, मला विचारायचं तरी," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी तातांनी मला ओट्यावर बोलावलं. "काय ग, शास्त्र कडू लागलं का?"

"होय, ताता."

"बरं, ते राहू दे. आता हिनं एकटीनं यायचं? ते जमायचं नाही."

ती दाराशी उभी होती. "ताता, तीनच दिवस. तुम्ही बसथांब्यावर आलात तर..."

"माझे गुडघे काय तुझ्या कॉलेजच्या नोकरीत आहेत?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तू थांबशील का तिच्यासाठी? सावलीत बस, पुस्तक वाच. तू थांबत असशील तर माझी ना नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"अम्माला दुपारी दम लागतो, ताता," मी म्हणाले. "घरी लागते मी."

अम्माचा दमा खरा होता. पण ते पहिलं कारण नव्हतं. साडेचारला प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुली मला बाहेरच्या बाकावर बसलेली पाहतील, 'हिलाच जमलं नाही ना,' असं म्हणतील, याची मला लाज वाटत होती. अम्माला विचारलं असतं तर तीन दुपारी तिनं कशाही काढल्या असत्या. मी विचारलं नाही.

ताता म्हणाले, "मग हिनंही इतिहास घ्यावा. राजे काय वाईट असतात?"

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसातून कागद आणला आणि माझ्या शेजारी बसून भरू लागली. एका ओळीवर तिचं पेन थांबलं.

"इथं कारण लिहायचंय. तू काय लिहिलंस?"

"विषय झेपत नाही, असं."

तिनं तेच लिहिलं, तिच्या सुंदर अक्षरात. वर्गात सगळ्यात जास्त मार्क तिचे होते.

सही घ्यायला आम्ही बरोबरच गेलो. मिसनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "तुला झेपत नाही? तुला?" ती पायांकडे बघत राहिली. मिस माझ्याकडे वळल्या. "तू मैत्रीण ना हिची? खरं कारण काय आहे?"

अजून वेळ गेली नव्हती. मी थांबते म्हणाले असते तर मिसनी तो कागद तिथंच फाडला असता.

"तेच आहे, मिस," मी म्हणाले.

त्यांनी सही केली. एकच्या बसनं आम्ही घरी आलो. वाटभर ती इतिहासाच्या वेळापत्रकाबद्दल विचारत होती, कुठला तास कधी, शिकवतं कोण, आणि मी तिला एकेक सांगत होते. गल्लीत शिरलो तर ताता ओट्यावर बसलेले. दोघींना भर उन्हात बरोबर येताना पाहून त्यांना फार बरं वाटलं.