पावतीमागचा माणूस

तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं बरंच काही आता पुसट झालं आहे; त्या रविवारची दुपार मात्र अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत काशीदच्या बाजूचं एक गाव होतं. गावाला लांबलचक वाळूचा किनारा, आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. भरतीच्या वेळी तिथला समुद्र माणसाला आत ओढतो. गावच्या कोळ्यांना ते माहीत आहे, पाहुण्यांना नसतं. त्या दुपारी चाळिशीतला एक गृहस्थ कंबरभर पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. होडीवाल्यांनी संध्याकाळपर्यंत शोधलं. मृतदेह दुसऱ्या दिवशी सकाळी खडकांजवळ मिळाला.

अकस्मात मृत्यूची नोंद केली. सामानाचा पंचनामा चालू असताना त्याची बायको समोर बाकावर बसली होती. पिशवीतून चष्मा, टॉवेल आणि एक गुलाबी पावती निघाली. गावात शिरताना ग्रामपंचायतीच्या नाक्यावर प्रत्येक खासगी गाडीकडून पर्यटक कर घेत, त्याची ती पावती. बाईंनी ती हातात घेतली, वाचली आणि शांतपणे मला विचारलं, "यावर लिहिलंय, जीवरक्षक आणि स्वच्छतेसाठी. मग जीवरक्षक कुठे होते?"

मी पावतीचा क्रमांक आणि त्यावरचा गाडीचा नंबर पंचनाम्यात उतरवून घेतला.

चौकशी केली तेव्हा कळलं, की दोन जीवरक्षक होते, पण कित्येक महिने मानधन न मिळाल्याने काम सोडून न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात लागले होते. सरपंच म्हणाले, कराची वसुलीच होत नाही, पैसे आणायचे कुठून? ते खोटं बोलत आहेत असं मला वाटलं नाही. पण गाड्यांची रांग मी स्वतः बंदोबस्तात उभा राहून पाहिली होती. शिवाय येत्या शुक्रवारपासून सलग तीन दिवस सुट्टी होती आणि भरती ऐन दुपारची. हजारो माणसं उतरणार आणि किनाऱ्यावर शिट्टी वाजवायला कुणी नाही. हाताशी चार दिवस होते. मी दिवसातून तीनदा भरतीचं कोष्टक पाहत असे. तेच आकडे असायचे, तरी पाहत असे.

मंगळवारी सकाळी किनाऱ्यावरचा एक टपरीवाला ठाण्यात आला. स्टेशन डायरीत नाव घालू नका, असं आधीच सांगून त्याने खिशातून दोन चुरगळलेल्या गुलाबी पावत्या काढल्या. टपरीसमोरचं अंगण झाडताना मिळाल्या होत्या. "साहेब, गाड्या दोन, पन नंबर एकच हाय. बघा तुमी," एवढंच बोलून तो निघून गेला.

एका क्रमांकाच्या दोन पावत्या, म्हणजे पुस्तकं दोन. एक खरं, एक छापून घेतलेलं. नाक्यावर पावत्या फाडायला पंचायतीने एक विधवा बाई रोजंदारीवर ठेवली होती. जबाबासाठी बायकांना ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपाई बरोबर घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने स्वच्छ नकार दिला. पुस्तक एकच, ग्रामसेवकांच्या कार्यालयातून येतं, संध्याकाळी लिपिकाकडे जमा होतं. त्यापलीकडे ती बोलेना.

खोटं बोलणारा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त बोलतो, असा माझा अनुभव आहे. ही बाई गप्प होती आणि पुन्हा पुन्हा कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीकडे पाहत होती. झडती घेता आली असती. पण दरडावून घेतलेला जबाब कोर्टात टिकत नाही. मी परत फिरलो आणि दिवसभर स्वतःलाच शिव्या देत राहिलो, कारण एक दिवस गेला होता.

बुधवारी पुन्हा गेलो. या वेळी काहीच विचारलं नाही. त्या बाकावर बसलेल्या बाई मला काय म्हणाल्या, तेवढं सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "त्या मानसाची पावती कुठल्या बुकातली व्हती, साहेब?"

मी म्हणालो, "ते तुम्हीच सांगू शकाल, ताई." आणि पंचनाम्यातला पावतीचा क्रमांक आणि गाडीचा नंबर वाचून दाखवला.

तिने उठून पेटी उघडली. लुगड्यांखालून एक अर्धं फाडलेलं पावतीपुस्तक काढलं. शनिवार-रविवारी लिपिक सकाळी दुसरं पुस्तक आणून द्यायचा आणि अंधार पडायच्या आत स्वतः घेऊन जायचा. त्या रविवारी किनाऱ्यावर धावपळ झाली, तो फिरकला नाही, पुढे गावात पोलीस असल्याने आलाच नाही आणि पुस्तक तिच्याकडेच राहिलं. तीन दिवस ती नीट जेवली नव्हती. तिने स्थळप्रतींवरून बोट फिरवलं, एका पानावर थांबली आणि खाली बसली. पावती त्याच पुस्तकातली होती.

"मीच फाडली वो ती," ती म्हणाली. "हसून बोलला व्हता तो मानूस. सुट्टे दिले व्हते."

त्याच दुपारी गुन्हा दाखल केला. लिपिकाला ताब्यात घेतलं, अलिबागच्या छापखान्यातून छपाईचे खिळे आणि कागद जप्त झाले. लिपिक शिकलेला, बोलका माणूस होता. दोन तास त्याने उडवाउडवी केली. मग ते पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा त्याने चक्क वाद घातला. "साहेब, सरकार तरी काय करतं? कुणाला न विचारता घेतंच ना? मीही घेतलं. लोकांनी कुरकुर न करता दिलं. फरक काय?"

मी त्याला म्हणालो, "फरक ग्रामसभेच्या ठरावात आहे. गावाने बसून ठरवलं, किती घ्यायचं आणि कशासाठी घ्यायचं. तुला कुणी ठरवून दिलं होतं?" पण माझं उत्तर मला स्वतःलाच अपुरं वाटलं.

लिपिकाकडून जप्त झालेली रक्कम कोर्टाच्या हुकमाशिवाय पंचायतीला मिळणार नव्हती. गुरुवारी सरपंचांना घेऊन मी न्हावा शेव्याला गेलो. शुक्रवारच्या वसुलीतून आधी मानधन, असा सरपंचांनी शब्द दिला. थोरला जीवरक्षक म्हणाला, "शब्द आधीबी दिलवता." तरी तो दोघांची दोन दिवसांची रजा टाकायला यार्डातल्या साहेबाकडे गेला.

शुक्रवारी मी नाक्यावरच उभा होतो. एका मोटारीतल्या गृहस्थाने वाद घातला. पार्किंगचे वेगळे देतो, पाण्यात तर उतरणारच नाही, मग कर कशाचा? सगळी रांग खोळंबली. शेवटी रागाने नोटा फेकून तो गेला. दुपारी भरतीला शिट्ट्या वाजल्या. दोघं जीवरक्षक पाण्यात घुसले आणि एका मुलीला ओढत बाहेर घेऊन आले. ती त्या गृहस्थाची नव्हती. एसटीने आलेल्या एका कुटुंबातली होती, ज्यांनी नाक्यावर काहीच भरलं नव्हतं, कारण एसटीला कर माफ होता. जीवरक्षकाने कुणाचीही पावती मागितली नाही. त्या मुलीला खोकत पाणी ओकताना पाहिलं, तेव्हा कुठे आठवड्यात पहिल्यांदा मी खाली वाळूत बसलो.

लिपिकाला द्यायचं उत्तर मला तेव्हा समोर दिसलं. दुकानात पैसे टाकून आपण आपल्यापुरती वस्तू घेतो. कर तसा नसतो. एकट्याला कधीच परवडणार नाही आणि कुणा एकाला विकताही येणार नाही, असं काहीतरी सगळ्यांनी मिळून उभं करायचं, आणि ते भरणाऱ्याच्या आणि न भरणाऱ्याच्याही कामी यायचं. ज्याला गरज पडेल तो कोण, हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून देणं मर्जीवर सोडता येत नाही, आणि म्हणूनच घेणाऱ्याने पै न पै दाखवायची असते.

लिपिकाला पुढे शिक्षा झाली. नाक्यावरच्या बाईंची साक्ष महत्त्वाची ठरली. आरोपपत्रात अपहाराची रक्कम मी काटेकोर लिहिली, दोनदा तपासली. तरी सही करताना तो आकडा मला पुरा वाटला नाही. कारण त्या गावातून खरं तर चोरीला गेला होता तो पाण्याकडे नजर लावून उभा राहणारा एक माणूस, आणि त्याच्यासाठी आरोपपत्रात रकाना नव्हता.