नॉटिंगहॅमचे दोन घाटी

माणूस जातो, नाव मागे उरतं, असं आपल्याकडे गंभीर चेहऱ्याने सांगतात. ग्लोरिया गेल्याचा फोन वॉर्डमधून आला, आणि आठवड्याभरात हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये मॅनेजरसाहेबांनी भाषणात तिला ‘सोनेरी किनाऱ्यांची कन्या’ करून टाकलं. ग्लोरियाला पोहताही येत नव्हतं. ती फिलिपीन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरांतली, पाइनच्या झाडांत, थंडीत वाढलेली.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं नॉटिंगहॅमला एकाच ऑपरेशन थिएटरमध्ये होतो. मी भूल देणारा, ती सिस्टर. एकदा चहा पिताना तिने सांगितलं की ती इगोरोत. ‘गोलोत’ म्हणजे डोंगररांग, आणि आधी लावलेला ‘इ’ म्हणजे तिथला माणूस; बोलता बोलता ‘ल’चा ‘र’ झाला. सपाटीवरचे लोक मात्र हे नाव शिवीसारखं वापरत, त्यामुळे तिच्याच काही नातेवाइकांना ते नको वाटे. मी म्हटलं, आमच्याकडे याला घाटी म्हणतात. साताऱ्याहून मुंबईला शिकायला गेलो तेव्हा होस्टेलवर माझं तेच नाव होतं. ती हसत सुटली. त्या दिवसापासून कॉरिडॉरमध्ये हाक यायची, “ए घाटी, पेशंट तयार आहे.” मी कन्सल्टंट झाल्यावरही त्यात बढती मिळाली नाही.

एका दिवाळीला ती आमच्याकडे आली. रेड वाइनचा ग्लास घेतला आणि पिण्याआधी शांतपणे चार थेंब खाली सांडले... आधी गेलेल्यांसाठी. तिच्या गावी खाली माती असते. आमच्याकडे फिकट कार्पेट होतं. माझी बायको सुमन डागावर टाकायला मीठ आणायला धावली. मला ताटाभोवती चित्राहुती घालणारे वडील आठवले. ग्लोरिया ओशाळून म्हणाली, “माझ्यासाठी बागेत ओत. आणि मी गेल्यावर नुसती फिलिपिनो नर्स म्हणू नकोस हं. इगोरोत म्हण.”

म्हणून चॅपलमध्ये मी उठलो आणि तसं म्हटलं. मॅनेजरसाहेबांनी आदराने मान हलवली. नंतर चहाच्या वेळी विचारलं, ते नक्की कुठल्या किनाऱ्यावर येतं?

आता इथे मला घाटी म्हणणारं कोणी नाही... कार्पेटवरचा डाग गेला नव्हता. सुमनने त्यावर सोफा सरकवून ठेवला होता. गेल्या महिन्यात मी सोफा दाराकडे सरकवला. बैठकीचं दार तेव्हापासून अर्धंच उघडतं.